सुटीतली पुस्तके आणि सावद्याची वाट

सुटीत काय वाचावे, हा प्रश्न दरवर्षी एप्रिलच्या सुमारास विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा यादीच्या रूपाने दिले जाते. दोन कादंबऱ्या, एक कथासंग्रह, एक प्रवासवर्णन, तोंडी लावायला एखादे चरित्र. ताटात डावे-उजवे वाढावे तशी ही यादी वाढलेली असते. यादीला आमचा आक्षेप नाही. पण कथात्म आणि ललितेतर अशी दोन्ही प्रकारची पुस्तके एकाच सुटीत का वाचावीत, याचे कारण क्वचितच सांगितले जाते. 'वैविध्य असावे' एवढ्यावर भागवले जाते. हा प्रश्न आम्ही येथे एका गावाच्या आधाराने, थोडे इतिहासात मागे जाऊन पाहणार आहोत. गाव सावदा : जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याच्या सपाटीवरचे, केळीच्या व्यापाराचे. येथून फैजपूर, यावल करीत चोपड्याकडे जाणारा रस्ता आणि जवळून जाणारा भुसावळ-खांडवा लोहमार्ग, या दोन रेषांच्या आसपास मराठी वाचकाच्या कित्येक सुट्यांना पुरेल एवढे वाङ्मय पसरलेले आहे.

आधी सुटीविषयी. वाचनासाठी वर्षातला ठरावीक काळ राखून ठेवण्याची रीत आपल्याकडे इंग्रजी शाळेच्या कितीतरी आधीची आहे. चातुर्मासात पोथी लावली जाई. श्रीधराचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' एकाने वाचावा आणि ओटीवर बसलेल्यांनी ऐकावा, असे ते वाचन होते. पेरणी उरकलेली, नद्यानाले भरलेले, प्रवास बंद. म्हणजे शेतीच्या कालचक्रातून आपोआप निघालेली ती उसंत होती. पुस्तक निवडण्याचा प्रश्न तेथे फारसा नव्हता, कारण पोथी बहुधा एकच असे आणि तीच पुन्हा लागे. इंग्रजी शाळांनी ही उसंत उचलून एप्रिल-मे महिन्यांत नेली. खानदेशात हा काळ विश्रांतीचा मुळीच नाही. ऊन पंचेचाळीस अंशांकडे झुकलेले असते, आणि मृगबाग असो की कांदेबाग, उन्हाळ्यात केळीला पाण्याचा खाडा चालत नाही. सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून केळीच्या वाघिणी उत्तरेकडे रवाना होतात त्या आमच्या कल्पनेतल्या निवांत दुपारींतच. म्हणून 'उन्हाळ्याच्या सुटीतले वाचन' म्हणताना ही सुटी कोणाची, हे विसरून चालत नाही. ज्याच्या घरातले दुसरे कोणी तरी बागेत पाणी धरते आहे, त्याची ती सुटी आहे.

सुटी हा हक्क म्हणून मिळवावा लागला, याचीही आठवण ठेवावी. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली ती १८९० मध्ये. त्याच वर्षी हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. पण मोकळा वेळ आणि त्या वेळासाठीचे वाचन या दोन गोष्टी मराठी समाजात एकाच सुमारास आकार घेत होत्या, हे त्यावरून दिसते. 'करमणूक'मध्ये 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः येत होती आणि तिच्या शेजारीच चरित्रपर, शास्त्रीय, माहितीपर मजकूर असे. पुढे १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मासिक मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला आणि कथा, कविता, लेख, चित्रे एका बांधणीत घालून सुटीचे वाचन घरपोच देण्याची पद्धत रूढ झाली. सुटीसाठी निवडून दिलेल्या संमिश्र वाचनाचा मराठीतला सर्वांत टिकाऊ नमुना दिवाळी अंकच आहे. त्याची अनुक्रमणिका आम्ही फार सहजपणे उलटतो; परंतु कथा आणि लेख एका पुठ्ठ्यात असावेत, हा त्या काळी विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

आता भिंतीविषयी. वाचनालयाच्या कपाटांत कादंबरी वेगळी, चरित्र वेगळे, इतिहास वेगळा, आणि कोठेच न बसणारे 'संकीर्ण'. जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय १८७७ सालचे; त्या पिढीतल्या वाचनालयांबरोबर ही वर्गवारी आपल्या अंगवळणी पडली. जुन्या मराठी गद्याला ती ठाऊक नव्हती. म्हाइंभटाने आठवणी गोळा करून रचलेले 'लीळाचरित्र' चरित्र आहे, साक्षींचा संग्रह आहे आणि गोष्टही आहे. भाऊसाहेबांची बखर वाचणारा ती इतिहास म्हणून वाचायला बसतो आणि पानिपतापर्यंत येता येता शोकांतिकेचा प्रेक्षक होतो. छापील पुस्तके आली, 'यमुनापर्यटन' (१८५७) आणि 'मुक्तामाला' (१८६१) यांच्या मागोमाग कादंबऱ्यांची रांग लागली, तेव्हा मात्र खरे काय आणि कल्पित काय याचा हिशेब मागितला जाऊ लागला. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये नावल व नाटक यांविषयी निबंध लिहिला, त्यात असंभाव्य कथानकांवर ठेवलेले बोट याच हिशेबाचे आहे.

या वादात सर्वांत चमत्कारिक, म्हणूनच सर्वांत उद्बोधक, जागा राजवाड्यांची आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. खानदेशाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते त्यामुळे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ चा. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची जी झडती घेतली, तिच्यानंतर अस्सल समकालीन कागदापुढे बखरीची साक्ष दुय्यम ठरली. इतिहासातून कल्पित हद्दपार करणारा हा गृहस्थ १९०२ मध्ये 'कादंबरी' या विषयावर प्रदीर्घ निबंध लिहितो. अद्भुत आणि वास्तविक असे कादंबरीचे भेद पाडतो, मराठी कादंबरी युरोपीय, विशेषतः फ्रेंच कादंबरीशी ताडून पाहतो आणि तिचे दारिद्र्य दाखवतो. राजवाड्यांचा हा निबंध विद्यापीठांतून कादंबरीच्या समीक्षेचा आरंभ म्हणून शिकवला जातो. तो एका इतिहाससंशोधकाने लिहिला आहे, यावर वर्गात कोणी थांबत नाही. आम्हांला थांबावेसे वाटते. कागदपत्रे तपासणाऱ्याला प्रत्येक कागदामागचा लिहिणारा ओळखावा लागतो : तो कोणाचा चाकर, कोणाला लिहितो आहे, काय दडवतो आहे. निवेदक ओळखण्याची हीच विद्या कादंबरी शिकवते. राजवाड्यांना दोन्हीकडे रस होता, कारण काम एकच होते.

येथून आमचे म्हणणे सरळ निघते. सुटीत दोन्ही प्रकारची पुस्तके वाचावीत ती चवपालट म्हणून नाही. एकाच स्थळाविषयीचे किंवा प्रसंगाविषयीचे एक कथात्म आणि एक ललितेतर पुस्तक जोडीने घेतले, की दोन्ही पुस्तके एकमेकांची तपासणी करू लागतात. सावद्यापासून सुरुवात करून पाहू.

ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारी कादंबरी १८७२ मध्ये पॅरिसच्या दैनिकात क्रमशः आली आणि पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली. मराठी मुलांच्या सुटीत व्हर्नला आणण्याचे मोठे श्रेय भा. रा. भागवतांचे. फिलिअस फॉग आणि त्याचा नोकर पासपार्तू मुंबईहून आगगाडीने निघतात, सह्याद्री ओलांडतात आणि दुसऱ्या दिवशी खानदेशातून जातात. गाडी दुपारी बऱ्हाणपूरला थांबते. तेथे पासपार्तू खोटे मोती लावलेल्या सपाता विकत घेतो. बऱ्हाणपूरच्या अलीकडे भुसावळपासूनचा जो पट्टा त्यांनी गाडीतून पाहिला असता, तो आजचा सावदा-रावेरचा. व्हर्न भारतात कधी आला नव्हता. त्याचा खानदेश सपाट आणि सुपीक आहे, ते खरे. कापूस आहे, तेही खरे. पण त्याच्या आगगाडीचा धूर कॉफी, जायफळ, लवंग आणि मिऱ्यांच्या मळ्यांवरूनही जातो, आणि या प्रदेशातल्या लहान नद्या बहुतेक गोदावरीला मिळतात. तापीची ओळख तो छोटीशी नदी अशी करून देतो. सावद्याच्या पोराने हे वाचून हसावे. लवंगा-जायफळांनी बहरलेला रावेर तालुका कल्पनेतही मावत नाही.

याहून मोठी गंमत लोहमार्गाची आहे. व्हर्नच्या गोष्टीत मार्ग अलाहाबादच्या आधी तुटलेला आहे, मधले पन्नास मैल रूळच पडलेले नाहीत. म्हणून फॉगला हत्ती घ्यावा लागतो, जंगलातून जावे लागते आणि सती जायला निघालेल्या आउदाला वाचवावे लागते. प्रत्यक्षात मुंबई ते कलकत्ता हा मार्ग जबलपूरवरून १८७० मध्येच जोडला गेला होता. फॉग निघाला १८७२ च्या ऑक्टोबरात. म्हणजे गोष्टीला हत्ती हवा होता, हत्तीसाठी जंगल हवे होते आणि जंगलासाठी रूळ तोडणे भाग होते. कादंबरी वास्तवाला कोठे आणि का वाकवते, याचे इतके स्वच्छ उदाहरण शिक्षकाला क्वचित मिळेल. रेल्वेचा इतिहास शेजारी ठेवल्यावाचून ते दिसतच नाही. (त्याच लोहमार्गांवरच्या प्रवाशांसाठी १८८८ मध्ये अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर कंपनीने स्वस्त पुस्तकांची माला काढली आणि तरुण किपलिंगच्या कथा फलाटावर विकल्या. प्रवासात वाचण्याचे पुस्तक हा प्रकार आपल्याकडे रुळला तो असा.)

व्हर्नच्या जोडीला पुस्तक घ्यावे ते १८८० चे खानदेश गॅझेटियर. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखालच्या मुंबई इलाख्याच्या मालेतला बारावा खंड. सुटीत गॅझेटियर वाचावे असे सुचवल्यास विद्यार्थी आमच्याकडे संशयाने पाहतात. परंतु सलग न वाचता, एखाद्या गावाचे नाव धरून वाचले तर तो ग्रंथ कादंबरीसारखा पकडून ठेवतो. त्यात सावदा तालुक्याचे ठिकाण आहे. पिके आहेत, जातीजमाती आहेत, दुष्काळ आहेत, बाजार आहेत. केळीचा आजचा व्याप मात्र तेथे शोधू नये, तो विसाव्या शतकातला आहे. व्हर्नच्या लवंगा-जायफळांचा निकाल गॅझेटियर पहिल्या भेटीतच लावते. मग वाचक निर्धास्त होतो : हे खरे पुस्तक, ते खोटे.

निर्धास्त होऊ नये असा मजकूर त्याच खंडात आहे. १८५२ मध्ये सरकारने नव्या पद्धतीची जमीनमोजणी सुरू केली तेव्हा सावदा, फैजपूर, यावल या भागांतले शेतकरी हजारोंच्या संख्येने जमले आणि मोजणी त्यांनी चालू दिली नाही. जमाव मोडण्यासाठी लष्कर आणावे लागले, पुढाऱ्यांना पकडण्यात आले. गॅझेटियर हा प्रसंग महसूल व्यवस्थेच्या प्रकरणात, सरकारच्या बाजूने आणि दंगा म्हणून सांगते. आकडे आहेत, अधिकारी आहेत, फौजेच्या हालचाली आहेत. जमलेल्या माणसांना काय वाटत होते, ते घरी काय बोलत होते, साखळी टाकणाऱ्याच्या हातातली ती साखळी त्यांना कशी दिसत होती, यातले काही नाही. कादंबरीत आपण निवेदकाला विचारतो की तू हे कोठून पाहतो आहेस. तोच प्रश्न गॅझेटियरच्या लेखकाला विचारण्याची सवय व्हर्नमुळे लागते, निदान लागायला हवी. व्हर्नचा खानदेश पॅरिसहून दिसलेला आहे आणि कॅम्पबेलचा खानदेश कचेरीतून. चुका कमी-जास्त आहेत, हे मान्य. पण खिडकी दोघांनाही आहे.

१९३२ चा उन्हाळा धुळ्याच्या तुरुंगात ज्यांनी काढला त्यांच्या सुटीविषयी आता लिहितो, कारण खानदेशातले सर्वांत फलदायी रविवार तेच असावेत. विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात ओळीने अठरा रविवार गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. 'गीता प्रवचने' हे पुस्तक म्हणजे ती टिपणे. तारखांकडे पाहिले तर शाळेची संपूर्ण उन्हाळी सुटी त्यात येऊन जाते. सक्तीची उसंत, ऐकणारे सहबंदी आणि एक लिहून घेणारा. चातुर्मासातल्या ओटीवरची बैठकच जणू तुरुंगात भरली होती. साने गुरुजी त्याआधी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकून 'कुरल'चा मराठी अनुवाद करून आलेले होते. पुढे नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली.

या पुस्तकाला कोणी कादंबरी म्हणतात, कोणी आत्मचरित्र. संस्कारकथांचा संग्रह म्हणूनही ते दिले जाते. घटना लेखकाच्या आयुष्यातल्या, नाव मात्र श्याम, सांगण्याची रीत रात्री एकत्र जमलेल्यांना गोष्ट सांगण्याची. ग्रंथपालाची अडचण आम्ही समजू शकतो. पण अडचण पुस्तकाची नाही, कपाटाची आहे. अनुवाद, प्रवचनांचे लेखन, आत्मकथन आणि कादंबरी ही कामे साने गुरुजी एकामागून एक, एकाच लेखणीने करत होते. 'श्यामची आई' लहानपणी वाचून बाजूला ठेवलेल्या वाचकाने ती 'गीता प्रवचने'च्या पाठोपाठ पुन्हा वाचून पाहावी. श्रोत्याकडे पाहत बोलण्याची जी लय टिपून घेताना साने गुरुजींच्या कानात बसली असणार, ती पुढच्याच वर्षीच्या पुस्तकात वेगळ्या कामी लागलेली आहे, असे आम्हांला वाटते.

सावद्याहून फैजपूर हाकेच्या अंतरावर आहे. केशवसुत विसाव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे तेथील शाळेत मुख्याध्यापक होते. आधुनिक मराठी कवितेचा प्रवर्तक या रस्त्यावर हजेरीपट घेऊन चालत होता, ही गोष्ट चरित्रकोशाबाहेर फार कोणाला आठवत नाही. फैजपूर आठवते ते डिसेंबर १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे. ग्रामीण भागात भरलेले ते पहिले अधिवेशन. नंदलाल बोसांनी बांबूसारख्या स्थानिक वस्तूंनी त्याची सजावट केली, साने गुरुजींनी खेड्यापाड्यांतून फिरून त्याची तयारी केली आणि अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. नेहरूंचे आत्मचरित्र त्याच वर्षी लंडनला प्रसिद्ध झाले होते. तेही बव्हंशी तुरुंगात लिहिलेले. सुटीत ते घ्यावे आणि जोडीला साने गुरुजींची 'धडपडणारी मुले' घ्यावी. एका पुस्तकात देश हा विचार आहे, इतिहास आहे. दुसऱ्यात तो वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणापासून सुरू होतो. साहित्यगुणांच्या बाबतीत तुलना साने गुरुजींना जड जाईल, हे आम्ही लपवत नाही. पण फैजपूरला कोण माणसे चालत आली असतील याचा अंदाज त्या भाबड्या कादंबरीवरूनच अधिक येतो.

अजिंठा येथून एका दिवसाच्या सहलीचा, म्हणून सुटीत बहुतेक घरे तेथे जाऊन येतात. जाण्यापूर्वी वाचण्यासाठी तीन गोष्टी. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अनेक वर्षे तेथे राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होता. लंडनला गेलेल्या त्या प्रतिकृती बहुतेक सगळ्या १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा केलेल्या प्रतींपैकीही पुष्कळ १८८५ मध्ये जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. ही झाली नोंद. ना. धों. महानोरांनी (१९४२–२०२३) 'अजिंठा' या दीर्घकवितेत गिल आणि पारो यांची कथा सांगितली. अजिंठ्याच्या कुशीतल्या पळसखेडचा कवी ती सांगतो, तेव्हा परका चित्रकार बाजूला होतो आणि पारोचा मुलूख पुढे येतो. नोंदींमध्ये पारो जवळजवळ फक्त तिच्या स्मारकशिळेपुरती उरली आहे. तिच्या मृत्यूची तारीख तीवर आहे, २३ मे १८५६. एवढ्याशा जागेतून कविता उगवली. तिसरी गोष्ट 'कोसला'तले अजिंठ्याचे प्रकरण. भालचंद्र नेमाडे याच रस्त्यावरच्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे, आणि १९६३ च्या त्या कादंबरीचा पांडुरंग सांगवीकर सुटीत घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रतिनिधीच आहे. पुण्याहून घरी यायचे आणि घरात उपरे व्हायचे, ही त्याची सुटी. बहीण मनीच्या मृत्यूनंतर अजिंठ्याकडे पाहणारी त्याची नजर गिलकडे नाही, महानोरांकडे नाही. तीन पुस्तके एका आठवड्यात वाचली तर लेणी कोणती खरी, हा प्रश्न मागे पडतो. कोणाच्या दुःखाला तेथे जागा मिळाली, हा पुढे येतो.

बहिणाबाई चौधरींची गाणी सुटीच्या यादीत हमखास असतात, तशी असूही द्यावीत. १९५२ मध्ये सोपानदेवांनी ती अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली नसती तर आपल्या हाती काय लागले असते कोण जाणे. मात्र त्यांची भाषा सरसकट अहिराणी म्हणण्याची जी सवय पाठ्यपुस्तकांबाहेर पसरली आहे, ती सावद्यात कोणी मान्य करणार नाही. ती लेवा गणबोली आहे, आणि ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचे मराठीचा (१९०५) व खानदेशीचा (१९०७) असे दोन भाग समोर ठेवून तिच्याविषयी विचार करणे हा भाषेच्या विद्यार्थ्यासाठी पंधरा दिवसांचा आनंददायक उद्योग आहे. गाणी मोठ्याने वाचावीत, शक्यतो घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर. चुकीच्या जागी आघात दिला तर ते लगेच टोकतात.

हे सारे आजच सांगावेसे वाटते त्यामागे एक काळजी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याच्या आधाराने अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये तालुक्या-तालुक्यांत, खेड्यांत उभी राहिली आणि अनुदानावर तगली. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१० नंतर विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या साहाय्याने गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या होत्या. निवडलेल्या संमिश्र पुस्तकांची पेटी गावात यायची आणि वाचून झाली की पुढे जायची. त्या संस्थानाची सोनगडची हद्द पश्चिम खानदेशाला भिडलेली होती. आज अनेक गावांच्या वाचनालयात तरुण दिसतात, भरपूर दिसतात. ते स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेले असतात. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही, त्यांच्या घरची निकड खरी आहे. पण बाराही महिने जो फक्त माहिती वाचतो, त्याला माहिती सांगणाऱ्याचा आवाज ऐकू येईनासा होतो, आणि १८५२ चा प्रसंग 'दंगा' म्हणून पाठ होतो. उलट, साहित्याचे आमचे विद्यार्थी फक्त कादंबऱ्या वाचतात आणि फॉगच्या हत्तीखाली रूळ होते हे त्यांना कळत नाही. दोन्ही वाचक एकाच इमारतीत, भिंतीच्या दोन बाजूंना बसलेले आहेत.

शेवटची जोडी थोडी अवजड आहे. 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) सुटीशिवाय वाचून होत नाही. तिचा खंडेराव पुरातत्त्वाचा संशोधक आहे. कादंबरी मोहेंजोदडोच्या उत्खननावर सुरू होते आणि वडिलांच्या आजारपणाच्या वार्तेने त्याला खानदेशातल्या मोरगावला आणते. तिच्याबरोबर प्रकाशे येथील उत्खननाचा अहवाल वाचावा. तापी-गोमाई संगमावरचे हे स्थळ बी. के. थापर यांनी १९५५ च्या सुमारास खणले आणि ताम्रपाषाण काळापासून ऐतिहासिक काळापर्यंतचे थर दाखवले. गिरणेकाठच्या बहाळचे उत्खनन म. न. देशपांडे यांचे. अहवालात खापरांचे तुकडे क्रमांकाने येतात, कादंबरीत भांडी आजीच्या हातात असतात. अहवाल इंग्रजीत आहे, 'एन्शंट इंडिया' या पुरातत्त्व खात्याच्या नियतकालिकात छापलेला, आणि तालुक्याच्या वाचनालयात तो मिळेल अशी आशा आम्ही करत नाही. धुळ्याला राजवाडे मंडळात किंवा जळगावला विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करावी. सावद्याहून जळगावला सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परत येता येते. उन्हाच्या आधी निघावे.